थोरल्या बाई बोलणीला बसल्या

रविवार, १८ एप्रिल २००४ रोजी सकाळी साडेदहा वाजता शहापूरला आमच्या घरी माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी झाली. लग्नाच्या जेवणासाठी मी बाजूला काढलेली रक्कम चोवीस हजार रुपये. हजर माणसं पंधरा: मुलाकडची आठ, आमच्याकडची सात. आमच्या सातांत एक बाई अशी होती, जिने गेल्या दोन वर्षांत तीन सुनांना घराबाहेर काढलं होतं, सख्ख्या दिराला वेडा ठरवलं होतं आणि मेलेल्या नवऱ्याचा अंगठा धरून मृत्युपत्रावर उठवला होता.

ही माझी मोठी मेव्हणी. (हे सगळं सोमवार ते शुक्रवार, दुपारी दीड ते दोन. शनिवार-रविवारी ती कोणाला त्रास देत नाही.)

नाव कमलताई. राहायला डोंबिवलीला. तरुणपणी हौशी नाटकांतून कामं करायची, मग टीव्हीवर शेजारीण, नर्स, रडणारी आत्या असं करत करत एका दुपारच्या मालिकेत तिला घराण्याच्या ‘थोरल्या बाई’ची भूमिका मिळाली. कमरेला चाव्यांचा जुडगा आणि डावी भुवई सतत वर. ती भुवई वर गेली की शहापुरात दुपारी भांडी घासायची थांबत. माझी बायको शोभा तर बहिणीलाच टीव्हीसमोर शिव्या घालायची. मी तिला हसायचो. ‘अगं, नाटक आहे ते! खऱ्याखोट्यातला फरक कळत नाही का तुला?’ असं मी निदान शंभर वेळा म्हटलं असेल.

आता त्याच मेव्हणीला मी बोलणीला का बोलावलं, ते सांगतो.

माझ्या मुलीचं, वैशालीचं, आधीचं एक स्थळ माझ्यामुळे फिसकटलं होतं. वऱ्हाडाच्या जीपगाड्या किती, या मुद्द्यावर मी इतका खोलात शिरलो (एका जीपमध्ये माणसं किती, मुलं धरून किती, टपावर बसलेली मोजायची का), की मुलाचा बाप पानसुपारी तशीच ठेवून उठला. आता हे दुसरं स्थळ मुरबाडकडचं. मुलगा अनिल शाळेत शिक्षक. वैशाली आणि तो डी.एड.ला एकत्र होते आणि स्थळ ‘सुचवलं’ कोणी हे आम्ही कोणी विचारलं नाही. पोरीने मला समोर बसवून सांगितलं, “बाबा, या वेळी तुम्ही तोंड उघडायचं नाही. हे मोडलं तर मी दुसरं करणार नाही. सांगून ठेवते.”

“मी नाही बोलायचं, तर बोलणार कोण?”

“कोणीही. तुम्ही सोडून कोणीही!”

आणि पलीकडून बोलणार होता मुलाचा मामा. गोविंदमामा बैलांचा व्यापारी. म्हसा गावच्या जत्रेत रुमालाखाली बोटं धरून सौदा करताना त्याने भल्याभल्यांना घाम फोडलेला. अशा माणसासमोर आमच्या भावकीतलं कोण टिकणार? मी दोन रात्री विचार केला आणि मला वाटलं, जी बाई रोज आठ तास कारस्थानं करते, तिच्या अंगात त्यातलं थोडं तरी मुरलं असेलच ना!

(खऱ्याखोट्यातला फरक.)

खरं म्हणजे कमलताईला मी वीस वर्षं ओळखत होतो. भाजीवाल्याने सडका टोमॅटो पिशवीत टाकला तर ‘त्याला दिसला नसेल’ म्हणून ती घरी घेऊन येते. बोलणीच्या आदल्या दिवशी आसनगाव स्टेशनवरून आमच्याकडे येताना रिक्षावाल्याने तिच्याकडून दुप्पट भाडं घेतलं आणि वर दम दिला, “धाकल्या सुनेला छळू नका, सांगून ठेवतो!” ती दोन्हीला बरं म्हणाली.

संध्याकाळी मी तिला समजावून दिलं. “ताई, मुद्दा एवढाच. ते म्हणतील चारशे माणसं, सहा गाड्या. तुम्ही म्हणायचं, ‘दोनशे माणसं. तीन गाड्या. त्यापुढे एक नाही.’ आणि भुवई वर.”

“वसंतराव, वाक्य लिहून द्याल का?”

लिहून दिलं. तिने खोलीत फेऱ्या मारत पाठ केलं.

“आणि यावर ते काय म्हणतील?”

“ते मला काय ठाऊक?”

“मग माझं पुढचं वाक्य काय?”

मी म्हटलं, पुढचं वाक्य लागणारच नाही. (लागलं.)

रविवारी पाहुणे आले. विहीणबाई, म्हणजे अनिलची आई पार्वतीबाई, उंबऱ्याशी एक चप्पल काढून दुसरी काढणार, तेवढ्यात तिची नजर आत गेली. कमलताई ओटीवर सतरंजी झटकत होती.

“आवो बाय! ही हितं कशी?”

“माझी बहीण,” शोभा अभिमानाने म्हणाली.

“सख्खी?” पार्वतीबाईने माझ्या बायकोकडे असं पाहिलं, की यांच्या घरची मुलगी करावी का नाही, याचा फेरविचार मला स्पष्ट दिसला. एक चप्पल अजून पायातच होती. दाराआडून वैशाली माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर टाळून पंख्याकडे बघितलं.

कसेबसे सगळे बसले. कमलताईनेच कोकम सरबताचा ट्रे आणला. आठ पेले. एकाने हात लावला नाही! आदल्याच आठवड्यात थोरल्या बाईंनी धाकट्या सुनेच्या दुधात कसलीशी पूड कालवली होती.

“घ्या ना,” कमलताई म्हणाली.

“आदी तुमी प्या,” पार्वतीबाई म्हणाली.

कमलताईने एक पेला प्यायला.

“त्यातला नाय,” पार्वतीबाईची नणंद मागून म्हणाली. “ह्यातला.”

कमलताई नाही म्हणणारी असती, तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती. तिने तोही प्यायला. मग मुलाच्या काकूने तिसरा पुढे केला. चार पेले झाल्यावर मंडळींना खात्री पटली आणि शोभा आत पुन्हा कोकम कालवायला गेली.

मग गोविंदमामाने बसल्या जागी मांडी बदलली. “तर पावनं, आमची मानसं चारशे. गाड्या सा.”

मी कमलताईकडे पाहिलं. तिने पाठ ताठ केली. डावी भुवई हळूहळू वर गेली. आवाज असा, की आमच्या ओटीवर तसा आवाज कधी निघाला नव्हता.

“दोनशे माणसं. तीन गाड्या. त्यापुढे... एक नाही.”

सगळे गार! मुलाच्या काकूने पदर तोंडाशी नेला. आणि तो गोविंदमामा, ज्याच्यापुढे म्हशाच्या जत्रेत बैलवाले हात टेकतात, तो खाली सतरंजीकडे बघत म्हणाला, “बरं. दोनशे तर दोनशे.”

दोन मिनिटं लागली नव्हती. माझ्या हिशेबाने किमान आठ हजार वाचले होते. मी मनातल्या मनात त्यातून घराच्या भिंतींना रंगही देऊन मोकळा झालो.

तेवढ्यात पार्वतीबाई हळूच म्हणाली, “बाय, तुमी म्हन्ता ते बरोबर. पन माज्या नंदाच पाच. त्यांची पोरं, नातवंडं. कोनाला मागं ठेवू गो?”

हे लिहून दिलेलं नव्हतं.

भुवई खाली आली. डोळे भरले. “अगं बाई, पाच? मग त्यांना कसं मागे ठेवणार? आणा हो सगळ्यांना!”

मी खोकलो.

“आनि भावकी?”

“भावकीशिवाय का लग्न होतं? आणा.”

मी मोठ्याने खोकलो.

“आनि माजं म्हायेर तानशाकडं. आख्खा पाडा आस लावून बसलाय.”

“माहेरची तर यायलाच हवीत!” कमलताई पार्वतीबाईचा हात हातात घेऊन म्हणाली. “दोन गाड्या जास्त करा त्यांच्यासाठी.”

आता मी असा खोकत होतो की गोविंदमामा स्वतः उठून पाणी घेऊन आला. “पावन्यांना दमा हाय काय?” त्याने शोभाला विचारलं.

“नाही, हिशेब आहे,” शोभा म्हणाली.

शेवटी आकडा पाचशेवर गेला आणि गाड्या आठ. म्हणजे त्यांनी मागितलं होतं त्याहून शंभर माणसं आणि दोन गाड्या जास्त! गोविंदमामाच घाबरला. “बाय, आवो येवडी मानसं आमच्याकडं हायेत कुटं?”

“शोधा,” कमलताई प्रेमाने म्हणाली.

सुपारी फुटली. पार्वतीबाईने दुसरी चप्पल जेवायला बसताना काढली. वैशाली आतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की मी खोकायचं थांबवलं. जेवणाच्या रकमेवर आणखी सहा हजार चढवायचे ठरवले आणि गप्प बसलो.

पण प्रकरण इथे संपलं नाही. महिन्याभरात लग्न. तेवढ्यात किन्हवली, सरळगाव, मुरबाड, इकडे खर्डीपर्यंत बातमी पोचली की शहापुरातल्या एका लग्नात थोरल्या बाई स्वतः येणार. लग्नाच्या दिवशी मांडवात दोन रांगा लागल्या. एक नवरा-नवरीला अक्षता टाकून आहेर द्यायची, ती छोटी. दुसरी कमलताईसमोर, ती मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत!

“धाकल्या सुनेला घरात घ्या परत.”

“घेते हं.”

“आनि तो कागुद फाडा, अंगठ्याचा.”

“फाडते.”

खर्डीकडच्या एका म्हातारीने तर तिचा हात घट्ट धरला. “ती पोर पोटुशी हाय. तिला जिन्यावरून ढकललंस तर बग!”

“नाही ढकलणार, आजी. शपथ.” (पुढच्या गुरुवारी ढकललं. पण ते लिहून दिलेलं होतं.)

इथपर्यंत माझं काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते पुढच्या वाक्याने. प्रत्येकीला निरोप देताना कमलताई हात जोडून म्हणायची, “आता जेवून जा हं!”

आणि सगळ्या जेवायला बसत होत्या. नाकारायचं कसं? थोरल्या बाईंनी स्वतः सांगितलं होतं!

दीड वाजता आचारी पातेल्यावर झारा आपटत माझ्याकडे आला. “शेट, भात सपला. बुंदी सपली. पन मानसं नाय सपली!” मी उष्ट्या पत्रावळींचा ढीग मोजला. साडेसातशे झाल्यावर मोजायचं सोडून दिलं. (आयुष्यात पहिल्यांदा.) मुख्य म्हणजे वऱ्हाडाची शेवटची पंगत अजून बसायची होती. तानशाकडचा आख्खा पाडा, पार्वतीबाईचं माहेर, पाट मांडून बसलेला आणि समोर रिकामी पत्रावळ! लग्नात मुलाकडच्यांना रुसायला याहून लहान कारणं पुरतात. अक्षता पडल्या होत्या, पण पोरगी अजून पाठवायची होती. मांडवाच्या खांबाला टेकून वैशाली माझ्याकडे बघत होती. या वेळी पंख्याकडे बघायलाही पंखा नव्हता.

मी पार्वतीबाईकडे गेलो. “विहीणबाई, चूक माझी. माणसं वाढली...”

“चूक तुमची कशी? तुमी कुटं बोललांव काय?” ती म्हणाली आणि पदर खोचून उठली. “गोविंदा! गाडी काड! किनवलीच्या गिरनीतून तांदूळ आन दोन गोनी. माज्या पोराच्या लग्नात मानूस उपाशी गेला आसं नाय व्हायचं!” मग तिने माहेरच्या पंगतीला ओरडून सांगितलं, “बसा रे गप! भात येतोय. तवर गानी म्हना!”

गोविंदमामा अर्ध्या तासात तांदूळ घेऊन आला. बैलाचा सौदा करावा तसा भाव पाडून आणला होता. कमलताई चुलवणापाशी बसून कांदे चिरत होती आणि रडत होती. कांद्यामुळे का माझ्यामुळे, मी विचारलं नाही. चार वाजता तानशाचा पाडा जेवला आणि ‘वरण लई झाक’ म्हणाला. पाच वाजता वैशाली हसत गेली. मी रडलो. (त्यात खोकला नव्हता.)

आता शेवटचा हिशेब. आचाऱ्याने मजुरीसकट एकतीस हजार पाचशे सांगितले. मी तोंड उघडणार, तोच पार्वतीबाईने कमरेची पिशवी सोडली आणि निम्मे त्याच्या हातावर ठेवले. “ही निम्मी गर्दी माजी. ती बाय माज्या शेजारनींना बगायचीच होती.” मी म्हटलं, नको, असं ठरलेलं नाही. ती म्हणाली, “तुमी खोका.” तेव्हा आचाऱ्याला माझे गेले पंधरा हजार सातशे पन्नास, म्हणजे मी सुरुवातीला बाजूला काढलेल्या रकमेपेक्षा आठ हजार अडीचशे कमी. एवढी बचत मला स्वतःला बोलून कधीच करता आली नसती, हे शोभाने मला त्याच रात्री ऐकवलं.

कमलताईला मी मानाची साडी घेतली. दुकानदार चारशे म्हणत होता, मी तीनशे चाळीसला आणली. ती इतकी खूश झाली की मलाच थोडं लाजल्यासारखं झालं. ‘शूटिंगला नेसेन’ म्हणाली. मी नोकरीला आहे त्या पतपेढीत सगळ्यांना सांगून ठेवलं.

पंधरा दिवसांनी दुपारी शोभाने मला हाक मारून टीव्हीसमोर बसवलं. साडी दिसली. तीच, जांभळी, हिरव्या काठाची. थोरल्या बाईंच्या नव्हे, त्यांच्या मोलकरणीच्या अंगावर! ती त्यात फरशी पुसत होती.

मी डोंबिवलीला फोन लावला. “ताई, आपली ती साडी...”

“दिसली ना?” कमलताई आनंदाने म्हणाली. “अहो, ते काम करणाऱ्या मुलीला इतकी आवडली, मला नाही म्हणवेना. आणि वसंतराव, दिग्दर्शक तर तुमचं नाव विचारत होते. म्हणाले, मोलकरणीसाठी अगदी अशीच साडी आम्ही दोन महिने शोधत होतो!”