मल्लप्पाअण्णांची सामाईक पेटी

डॉक्टर मल्लप्पाअण्णा गेल्याची बातमी सोलापूरहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने वैरागला माझ्या दवाखान्यात येऊन सांगितली. चारच दिवसांनी त्याच मोटारीतून एका औषध व्यापाऱ्याचा माणूस उतरला. दोन शब्द हळहळला आणि लगेच म्हणाला, "आता तुमची ती सामाईक खरेदी मोडलीच म्हणायची. हिवतापाचं क्विनाईन मी देतो, स्वस्तात." मला रडू येण्याऐवजी संताप आला. आज सव्वा महिना झाला, तो संताप उतरलेला नाही.

आम्ही आडगावांतले छोटे डॉक्टर. एकट्याने क्विनाईनचे दोन डबे मागवले तर मुंबईची औषधांची पेढी पत्राला उत्तरसुद्धा देत नसे. मग जवळचा व्यापारी देईल ते घ्यायचं, आणि हिवतापाच्या दिवसांत रोग्याला काय देतोय याची आपल्यालाच खात्री नाही! सोलापुरात गिरणीमागच्या गल्लीत दवाखाना असलेले अण्णा स्वतः अक्कलकोटपासून वैरागपर्यंत दारोदार फिरले. "एकेकटे मागतो म्हणून आपल्याला गाळ मिळतो. सात जण मिळून एकच मागणी लिहू," म्हणाले. पेटी त्यांच्या दवाखान्यात, सगळ्यांदेखत फुटायची. प्रत्येक डब्यातली चिमूटभर पूड बशीत घेऊन तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं पडलं की पिठाची भेसळ, पेटी परत. वाटप मात्र आमच्यापैकी कुणी करायचं नाही. तराजू अण्णांच्या पत्नी गंगावहिनींच्या हाती, कारण डॉक्टरचा हात आपल्याच डब्याकडे झुकतो, असं अण्णा आम्हाला तोंडावर सांगत.

एका वर्षी माझी अक्कल गहाण पडली. व्यापाऱ्याचा माल स्वस्त वाटला म्हणून मी मागणीत नावच घातलं नाही. सहा जणांची मागणी पेढीला कमी पडली, तिने ती परत पाठवली. इकडे बिरा धनगर बायकोला घेऊन तिसऱ्यांदा माझ्या दारात आला. "डाक्टर, पुड्या सपल्या की. थंडी न्हाय गेली. हे औषिद हाय का दुसरंच कायतरी?" मी आत जाऊन पुडीवर थेंब टाकला... गडद निळा.

दुसऱ्या दिवशी खाली मान घालून सोलापूर गाठलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, आपल्या उरलेल्या साठ्यातला एक डबा माझ्या हाती ठेवला आणि कोरा कागद पुढे केला. "वैरागकर, मागणी लिहा."

"अण्णा, आधी रागवा तरी."

"राग तिच्या तापाला लागू पडतो काय? लिहा की."

मी लिहिली. बिराची बायको उठली, पण पुष्कळ उशिरा. त्या बाईपुढे मी आजही अपराधी आहे.

अण्णांच्या माघारी आम्ही सहा जण त्यांच्या दवाखान्यात जमलो. व्यापाऱ्याचा माणूस सगळ्यांकडेच जाऊन आला होता. अक्कलकोटचे डॉक्टर चाचरत म्हणाले, "सातवा भागच उरला नाही. आता ज्याने त्याने आपापलं..." वहिनी दारातच उभ्या होत्या. "का हो भावजी? त्यांचे रोगी कुटं गेले? रोज येतात, दार बघून परत जातात. तराजू धरायला मी हाय. डॉक्टर तेवढा तुमी बघा."

मी कागद ओढला, सहा मागण्या उतरवल्या आणि सातवी अण्णांच्या दवाखान्याची लिहिली. "मंगळवारी आणि शुक्रवारी मी इथं बसेन," म्हणालो. वैरागचे रोगी कुरकुरतील, मोटारीत हाडं खिळखिळी होतील, होऊ देत. पेटी आली. सातही डब्यांवर थेंब टाकला, एकही निळा पडला नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी एक म्हातारे विणकर तापाने थरथरत आले. मी पुड्या दिल्या, पण ते जाईनात. खिडकीतला तांब्या त्यांनी स्वतःच उचलला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पहिली पुडी डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत घ्यायची, ही अण्णांनी त्यांना लावलेली सवय.

"बघा हां," म्हणाले, आणि पूड जिभेवर टाकली. त्यांचं तोंड असं काही कडू झालं की मला माझे डोळे पुसावे लागले.