हळदीच्या दिवसांतला घसा

कुरुंद्याला आमच्याकडे हळद शिजायला लागली की सगळ्या घराचे घसे बसतात. आधी भट्टीचा धूर आणि वाफ, मग वाळलेली हळद फिरत्या लोखंडी ढोलात घासताना उडणारी पिवळी धूळ. त्या दिवसांत कुणी खोकलं तर कुणी मान वर करून बघत नाही. मिठाच्या गुळण्या कर, रात्री हळद घालून दूध पी, आणि चल कामाला.

म्हणून माझ्या धाकट्या जावेचा घसा धरला तेव्हाही आम्ही तेच केलं. तिला ताप होता, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. चार-सहा दिवसांत उतरलं, आणि माझ्या डोक्यातल्या कामांच्या यादीतून तो विषय गेला. यादी माझी नेहमीच लांब असते. मजुरांचं जेवण, पोती, ताडपत्र्या, मुलीची शाळा, आणि त्या वर्षी जावेचं चार महिन्यांचं बाळ.

हळदीचं काम सरत आलं, आणि एका सकाळी न्हाताना जावेच्या पोटावर, पाठीवर लाल ठिपके दिसले. थेंब उडाल्यासारखे, बारीक. दोन दिवसांत दंडावर, मांड्यांवर आले. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि हात जोडले.

"देवी आली अंगावर. लेकरू द्या हिकडं."

आमच्या घरात अंगावर देवी आली की काय करायचं ते ठरलेलं आहे. उशाला कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, औषध नाही, दवाखाना नाही. जावेचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं आणि बाळ सासूबाईंच्या खाटेवर. दूध पिळून वाटीत द्यायचं, सासूबाई चमच्यानं पाजायच्या. बाळ रडलं की मागच्या खोलीत ती भिंतीला धरून बसायची. उठायची नाही. तिला उठू नको म्हणून सांगितलेलं होतं.

सासूबाईंशी वाद घालणं मला जड जात नाही, एरवी. पण त्यांची एक मुलगी तान्ही असताना गोवरानं गेलेली. त्या कधी बोलत नाहीत त्याबद्दल. बाळाला छातीशी धरून त्या बसलेल्या दिसल्या की मी दुधाची वाटी ठेवून परत फिरायचे.

लिंबाच्या पाण्याची आंघोळ झाली, देवीला निरोप दिला. ठिपके गेले नाहीत. त्यात पाणी भरलं नव्हतं, ताप नव्हता, खपली धरत नव्हती. नुसता पांढरा कोंडा सुटत होता. वाटीतलं दूध मात्र रोज कमी होत होतं. एक दिवस ती मला हळूच म्हणाली, "ताई, माझं दूध चाललं. मग तो मला ओळखंल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी तिला वसमतला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ठिपके नीट पाहिले, एक नखानं हलकेच खरवडला आणि भलतंच विचारलं.

"मागच्या महिन्यात घसा दुखला होता?"

"घसा?" जाऊ म्हणाली. "तो धुळीनं."

"कसली धूळ?"

"हळदीची."

"तुम्ही गेला होता हळदीकडं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. बाळ लहान म्हणून ती त्या वर्षी ढोलाच्या आसपासही फिरकली नव्हती. हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आणि तिच्या आधी माझ्या मुलीचा घसा धरला होता, तेही तेव्हाच आठवलं. दोघी काकी-पुतणी एका ताटात जेवतात.

बाईंनी समजावून सांगितलं. घशात जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी झगडतं, आणि काही माणसांत तो झगडा नंतर कातडीवर उमटतो. हा सोरायसिसचाच एक प्रकार. मुळात अंगात त्याचा कल असावा लागतो. जाऊ म्हणाली, तिच्या वडलांच्या कोपरांना वर्षानुवर्षं असाच कोंडा सुटतो. सगळे म्हणतात शेतीकामानं.

"हे डाग कुणाला लागत नाहीत," बाई म्हणाल्या. "घसा लागतो. तुम्ही उलटंच सांभाळलंत."

"मग बाळाला…"

"पाजा. आज घरी गेल्या गेल्या पाजा. हे मलम छातीला लावू नका, लावल्यावर हात धुवा. आणि पुन्हा घसा धरला तर धूळ म्हणून बसू नका, दाखवा."

पुढे उन्हाळ्यात डाग फिके होत गेले. नंतरच्या थंडीत घशापाठोपाठ थोडे परतही आले. पण त्या दिवशी घरी सांगायचं काम बाकी होतं.

सासूबाईंना मी एकेक करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"लागत न्हाई म्हणते? तिचं काय जातंय म्हणायला. तिच्या घरचं लेकरू हाय का हे?"

मलम तरी लावून घेऊ म्हणून जावेला मागच्या खोलीत खाटेवर पाठमोरी बसवलं. तिचा हात पाठीला पुरत नव्हता. मी नळी उघडली तर सासूबाई उठून आल्या. झोपलेलं बाळ पुढच्या खोलीत होतं.

"दे ती हिकडं. लागायचंच आसंल तर आधी मला लागू दे. मी जगले तेवढी बास."

"आत्याबाई, असं काहून बोलता?" जाऊ म्हणाली.

"गप. सरळ बस. दुखतं का?"

"न्हाई."

त्या उघड्या तळव्यानं एकेका ठिपक्यावरून हात फिरवत होत्या, लेकराला तेल लावावं तसा. जावेच्या पाठीला इतक्या दिवसांत कुणाचा हात लागला नव्हता. तिचे खांदे हलायला लागले.

तेवढ्यात बाळ उठलं आणि रडायला लागलं. जावेनं खाटेची कड घट्ट धरली. उठली नाही. पुढून छातीवर घेतलेला तिचा पदर बघता बघता दुधानं ओला होत गेला. सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी तो पदर पाहिला, मग खाटेची कड धरलेली तिची बोटं.

"आता काय बसून राहिलीस गं? तुझं लेकरू रडून राहिलं ना." आणि माझ्याकडे वळून, "तू काय बघून राहिली? आण त्याला. साबण कुठं हाय?"

मी बाळ आणून तिच्या मांडीवर दिलं. त्याला चमच्याची सवय झाली होती. त्यानं तोंड फिरवलं. जावेचा चेहरा पांढरा पडला. सासूबाई हात धुऊन आल्या, खाली तिच्या पायांशी बसल्या, दुधाचा एक थेंब बोटानं त्याच्या ओठाला लावला.

"घाई करू नको त्याला," म्हणाल्या. "आठवंल."

तो ओठ चाटून थांबला. परत तोंड फिरवलं, परत वळला. मग धरलं. थांबत थांबत ओढत राहिला. दूध कमी झालं होतं, पण होतं.