भिंतीकडं तोंड

आमच्या वरच्या मजल्यावरचा माणूस तळवड्याला कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुट्टीला घरखर्च लिहायचं ॲप बनवतो. लिहिलेलं ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्येच राहतं, बाहेर कुठं जात न्हाई, हे त्यानं मला शंभरदा ऐकवलंय. चाळिशी उलटली, डोक्यावर केस न्हाई, पण कुणी ॲप उघडायला आपला गुपित नंबर टाकायला लागलं की हा भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. नुसता वैताग.

माझ्या बायकोनं ते ॲप वापरलं. ती गेली आणि तिनं लिहिलेलं आतच अडकलं. तिच्या हातचं तेवढंच मागं राहिलंय.

"उघड की," मी म्हणालो.

"काका, मला न्हाई उघडता येत. नंबर काकूंनाच माहीत होता."

"तूच बनवलंस ना? मग कसला कारागीर रे तू?"

"तसंच बनवलंय, काका."

डोकंच फिरलं माझं. तरी दर रविवारी यायचा आणि भिंतीकडं वळायचा. मी लग्नाचं साल टाकून बघितलं, पोरीच्या जन्माचं टाकलं. काय उपयोग न्हाई.

परवा भिंतीकडं बघतच त्यानं विचारलं, "काकूंना कुठला नंबर तोंडपाठ होता?"

"माझा टोकन नंबर. डबा घेऊन यायची ना, कंपनीच्या गेटवर नुसतं नाव सांगून भागायचं न्हाई."

बोलता बोलता मी तोच टाकला. उघडलं. पहिलीच ओळ होती, 'ह्यांच्या गुडघ्याचं तेल'.

"काका, वळू का?"

"थांब," मी म्हणालो. "बघ अजून भिंतीकडंच."