गुंगी आणि जळू

महाळुंग्यातल्या आमच्या घरमालकीण रंभाबाई यांना साठीनंतर एक व्यसन लागलं, आणि ते आम्हीच लावलं. २००८ साल. आम्ही चार भाडेकरू, सगळे हिंजवडीत नोकरीला. रविवारी दोन कॉम्प्युटर तारेने जोडून राक्षसांच्या झुंजी लावायचो. आपला राक्षस निवडायचा, त्याला चार विद्या द्यायच्या आणि पाळीपाळीने वार करायचे. रंभाबाई पाण्याची मोटार लावा म्हणून सांगायला आल्या, त्या बसल्याच.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. चित्रं बघून त्यांनी स्वतःच नावं ठेवली आणि दोन महिन्यांत आम्हाला हरवू लागल्या. आमचे राक्षस आग ओकणारे, विजा पाडणारे. त्यांचा ढेरपोट्या चिखल्या. तो आधी गुंगी टाकायचा, म्हणजे समोरचा दोन-तीन पाळ्या झोपायचा. मग जळू लावायचा. दर पाळीला समोरच्याची थोडी ताकद जायची आणि ती चिखल्याला मिळायची. या जळूला आम्ही कुणी हिंग लावून विचारत नव्हतो.

"तुमी कधी भातलावणीला चिखलात उभं ऱ्हायलाय का?" त्या म्हणाल्या. "कोळवणला माहेरी आमी पोरी दिसभर उभ्या. जळू लागल्याली कळतच न्हाई. कळती तवर ती टम्म फुगलेली."

मी लातूरचा, आणि हरणं मला सोसत नाही. सलग सहा रविवार हरल्यावर माझं डोकं फिरलं. गुंगी आणि जळू ही जोडी खेळाचा सत्यानाश करते, हिच्यावर बंदी घाला, असं मी जाहीर केलं. आमच्यात डोकं ठिकाणावर असलेली एकटी अनुष्का. ती म्हणाली, "तू हरतोस म्हणून नियम बदलायचा? परीक्षा घेऊ." ठरलं असं: तयारीला आठवडा, राक्षस हवा तो आणा. दहा झुंजींत एकानेही ती जोडी मोडली तर राहील. कुणालाच मोडता आली नाही तर बाद.

रंभाबाईंना ती जोडी जीव की प्राण. "ती गेली तर मी काय खेळू रं?" त्यांनी मला जिन्यातच अडवून विचारलं. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

रविवारी त्यांनी नऊ झुंजी जिंकल्या. आमच्यातल्या दिग्विजयने झोपच न येणारा राक्षस आणला, तोही जळवेने वाळत गेला. दर विजयाला बाईंचं तोंड उतरत होतं. दहावी झुंज माझ्याशी. अनुष्का त्यांच्या कानाशी लागली, "मावशी, एवढी एक हरा. जोडी वाचेल."

"मुद्दाम?" रंभाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की मी दचकलो. "मुद्दाम हरून ऱ्हायल्याली जोडी घिऊन मी काय करू? ह्येला जिंकायचं आसंल तर नीट खेळू दे."

मी जीव तोडून खेळलो. चिखल्याला पार लोळवत आणलं, एका वाराचं काम उरलं होतं. त्यांनी पुन्हा गुंगी टाकली. तीन पाळ्यांत मी संपलो.

अनुष्काने कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "रंभाबाईंची गुंगी-जळू जोडी बाद. कारण, दहा झुंजींत ती कुणालाही मोडता आली नाही."

"कुणालाच न्हाई? आसं लिवलंय?"

"असंच."

त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आम्हीही हसत सुटलो. हरून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

कागद त्यांनी आमच्या खोलीत लावू दिला नाही. फाटकावर, 'खोल्या भाड्याने मिळतील' या पाटीखाली चिकटवला. दुसऱ्या दिवशी खोली बघायला आलेल्या जोडप्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "या रंभाबाई कोण?"

"मीच," त्या म्हणाल्या, आणि खोलीचं राहू देऊन आधी झुंजीचं सांगत बसल्या.