लॅपटॉपचं मूळ गाव

आमची संस्था बालवाडीच्या बायांना शिकवते. मुख्य ऑफिस जळगावात, आणि अमळनेर, धुळे, पिंपळनेर अशी तीन केंद्रं. शिकवणाऱ्या मुली पाठीवर लॅपटॉप घेऊन एसटीने फिरतात, आज इथे तर उद्या तिथे. नवीन चित्रं, गोष्टी, गाणी जळगावहून आधीच प्रत्येक केंद्रातल्या सर्व्हरमध्ये जाऊन बसतात. आम्ही त्याला पेटी म्हणतो. लॅपटॉपने मग त्या पेटीतून सगळं उचलायचं. कोणत्या लॅपटॉपने कोणत्या पेटीकडे जायचं, ती यादी माझ्याकडे. मी पन्नाशीनंतर, दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून बघून कॉम्प्युटर शिकलेली बाई. हे काम मिळालं तेव्हा मला कोण आनंद झाला! दोन दिवस बसून यादी केली. छान, गावाप्रमाणे.

आणि यादी लागू केली त्याच्या दुसऱ्याच सकाळी नऊला पिंपळनेरहून फोन. आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, राहणारी अमळनेरची. तिचा पहिलाच वर्ग, तोही एकटीने घ्यायचा. अकराला डोंगरातल्या पाड्यांवरून तीस बाया येणार होत्या, काही तर दोन-दोन तास चालत.

“अक्का, बठ्ठं अटकी गयं व! सगळंच अडकलंय. आठपासून चित्रं उतरवायला लावलीत, शंभरातली चारच झालीत. बायांना काय दाखवू मी?”

“पेटी चालू आहे ना?”

“हिरवा दिवा लागलाय. तिला टेकूनच बसलीय मी!”

म्हणजे पेटी पाठीशी, आणि माल काही हातात येत नाही. मी म्हटलं, “रडू नको, आधी चहा घे.” खरं तर चहाची गरज मला होती.

आमचे गाडी चालवणारे नाना समोरच होते. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि माझी यादी वाचायला घेतली.

“अक्का, ही पोरगी अमळनेरखाली का लिहिली?”

“अमळनेरचीच आहे ना ती!”

“पण बसलीय पिंपळनेरात. तुम्ही लॅपटॉपची यादी केली का लग्नपत्रिका वाटायची?”

अहो, खरंच की! लग्नाची यादी आपण अशीच तर करतो. सुरतेत तीस वर्षं घर करून राहिलेला माणूससुद्धा आमच्याकडे मूळ गावाखालीच लिहायचा, नाहीतर रुसतो. तसाच मी प्रत्येक लॅपटॉप त्याच्या मालकिणीच्या गावाखाली लिहिला होता. म्हणून तो बिचारा पिंपळनेरातली भरलेली पेटी सोडून, साक्री ओलांडून, धुळं ओलांडून अमळनेरच्या पेटीकडे एकेक चित्र मागत बसला होता. आणि पिंपळनेरचं नेट म्हणजे काय, मरतुकडं.

मग डोकं चाललं. प्रत्येक केंद्राच्या नेटवर्कला आपापला वेगळा नंबर असतो. पोरीला म्हटलं, “पेटीच्या झाकणावर चिठ्ठी आहे, तिच्यावरचा नंबर वाच. सावकाश.” तिने वाचला, मी दोनदा वदवून घेतला. बाकी दोन केंद्रांचे नंबर माझ्याकडे होतेच. यादीतली सगळी नावं पुसली आणि त्यांच्या जागी केंद्रांचे नंबर लिहिले. लॅपटॉप कोणाचा का असेना, ज्या नेटवर्कात शिरेल तिथलीच पेटी त्याची.

“आता बंद करून परत चालू कर.”

फोनवर नुसता पंख्याचा आवाज. नानांनी बोटावर गाडीची किल्ली फिरवायची थांबवली.

“अक्का… वीस. चाळीस… अक्का, पळतंय व पळतंय!”

मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, “हळू, अक्का! टेबल पाडाल.”

तेवढ्यात तिकडे चपलांचा, बांगड्यांचा आवाज आला. बाया वेळेआधीच पोचल्या होत्या. पोरगी घाईत फोन बंद करायला विसरली, आणि मी ठेवायला हवा होता, पण ठेवला नाही. पहिलं वाक्य बोलताना तिचा आवाज थरथरला. मग पडद्यावर काहीतरी आलं असावं. एक बाई मोठ्याने काही बोलली, सगळ्याजणी हसल्या, त्यांच्याबरोबर पोरगीही हसली, आणि पुढचं वाक्य असं खणखणीत आलं की मी निवांत फोन ठेवला.