सत्याहत्तर नंबरचा वेदांत

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या नागपुरात, सक्करदऱ्याच्या बास्केटबॉल कोर्टावर कडुनिंबाचा पाला पडतो, संध्याकाळी झाडला तरी सकाळी पुन्हा तेवढाच. काही माणसांच्या किश्शांचंही तसंच असतं. मी तसा कमी बोलणारा. नववीनंतर शाळा सुटली, वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये लागलो. तिथे दिवसभर तोंड उघडायची गरज पडत नाही. क्लबमध्येही चहा पिताना मी ऐकणाऱ्यांत असतो. पण वेदांतचा विषय निघाला की मीसुद्धा खुर्ची पुढे ओढतो!

आधी थोडं सांगून ठेवतो. आमच्या बास्केटबॉल क्लबचा हिरो होता प्रफुल्लभाऊ. त्याला स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली आणि तो भुसावळला गेला. मागे राहिला आमचा कॅप्टन, नितीनभाऊ. तो कळमन्याला धान्याच्या अडतीवर काम करतो आणि तशाच नोकरीची आस धरून आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या टीममध्ये नाव यावं लागतं, आणि निवड करणारे लोक फक्त सेमीफायनलला पोचलेल्या टीमचे खेळाडू घेतात. पुढच्या वर्षी नितीनभाऊचं वय बसत नाही. म्हणजे त्याच्यासाठी ही शेवटची स्पर्धा.

आणि नेमका याच वर्षी प्रफुल्लभाऊच्या जागी आला वेदांत!

* * *

आमच्याकडे रीत आहे. नवीन आलेला खेळाडू पहिला सीझन कोर्ट झाडतो. प्रफुल्लभाऊनं झाडलं, नितीनभाऊनं झाडलं, मी तर दोन सीझन झाडलं, कारण माझ्यानंतर कोणी आलंच नाही.

पहिल्या दिवशी वेदांत आला तो डोक्याला पट्टा, हाताला पट्टा, गुडघ्याला पट्टा बांधून. नितीनभाऊनं प्रेमानं त्याच्या हातात झाडू दिला.

"हे काय आहे?" वेदांतनं विचारलं.

"झाडू आहे गा. पाला काढाचा आहे."

वेदांतनं झाडू घेतला. मग खिशातून मोबाईल काढून माझ्याकडे दिला. "दादा, एक फोटो घे. लाइट मागून नको येऊ देऊ."

मी फोटो काढला. त्याला आवडला नाही. दुसरा काढला. तिसऱ्यात त्यानं कपाळाला बाटलीतलं पाणी लावलं. मग फोटो बघत बघत त्यानं झाडू नितीनभाऊच्या हातात परत दिला आणि वॉर्मअपला निघून गेला.

रात्री फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. खाली लिहिलं होतं, "मेहनत दिसत नाही, फक्त यश दिसतं."

फोटोत मागे नितीनभाऊ पाला उचलताना स्पष्ट दिसत होता!

* * *

प्रफुल्लभाऊचा नंबर सात. आमच्याकडे गेलेल्या खेळाडूचा नंबर एक सीझन कोणाला देत नाहीत. वेदांत सरळ आमच्या कोचकडे गेला. ढोमणे सर शाळेत पी.टी.चे शिक्षक होते, आता रिटायर आहेत. आवाज मात्र अजून रिटायर झालेला नाही.

"सर, मले सात नंबर पाहिजे."

"सात प्रफुल्लचा आहे. मिळत नाही."

वेदांतनं क्षणभर विचार केला. "मंग मले सत्याहत्तर द्या."

"काहून बे?"

"प्रफुल्लभाऊचा सात. माझे दोन सात. त्याच्याहून डबल!"

सातची दुप्पट किती होते हे मला नववीच्या बरंच आधी शिकवलं होतं. वेदांत कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी गप्प बसलो. पण ढोमणे सर थोडेच गप्प बसणार?

"घे सत्याहत्तर," ते म्हणाले. "हिशोब तुले जमत नाही, तं निदान नंबर तरी मोठा असू दे!"

वेदांत म्हणाला, "थँक यू सर." आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं, हीच खरी अडचण होती.

* * *

कोर्टाच्या पलीकडे कुंदाकाकूंचं घर. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर सांडगे, कुरड्या वाळत घातलेल्या असतात. इतकी वर्षं आम्ही तिथे खेळतो, पण काकू आणि आम्ही, दोघांचंही व्यवस्थित चाललं होतं.

एका रविवारी वेदांत आम्हाला समजावत होता की प्रफुल्लभाऊ लांबून शॉट मारायला घाबरायचा. "मी हाफ कोर्टवरून मारतो. पाहा."

मारला. बॉल रिंगवरून गेला, बोर्डवरून गेला, कंपाउंडच्या भिंतीवरून गेला. मग गच्चीवरून धप्पकन आवाज आला आणि त्यामागोमाग काकूंचा.

"कोन आहे रे तो मेला?"

आम्ही सगळे भिंतीजवळ गेलो. काकू वर बॉल कमरेवर धरून उभ्या. बॉलला सांडग्यांचं ओलं पीठ लागलेलं.

वेदांत मान वर करून म्हणाला, "सॉरी काकू. पण तो थ्री पॉइंटर होता."

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. सगळे पट्टे बघितले. मग नितीनभाऊला म्हणाल्या, "नितीन, असं कर बाप्पा. एक रिंग माह्या गच्चीवर लावून दे. बाकी कुठं नाही, पण इथं तरी याचे पॉइंट होतीन!"

बॉल काकूंनी संध्याकाळी दिला. तोही आधी नितीनभाऊकडून वाळवणाला नवीन प्लास्टिक बांधून घेऊन.

* * *

स्पर्धेच्या आधी प्रफुल्लभाऊनं भुसावळहून व्हिडिओ कॉल केला. नितीनभाऊचा मोबाईल मध्ये ठेवून आम्ही सगळे गोल करून बसलो. प्रफुल्लभाऊ एकेकाची चौकशी करत होता. माझ्या पाठीचं दुखणं कसं आहे, पोती उचलताना पट्टा बांधतो का, हेसुद्धा त्यानं विचारलं.

तेवढ्यात वेदांतनं मोबाईल उचलून आपल्या तोंडासमोर धरला. "भाऊ, टेन्शन नका घेऊ. टीम सेफ हातात आहे."

"कोन बोलून राहिलं?"

"वेदांत! तुमच्या जागी आलो न मी."

"हाव हाव. नितीन सांगत होता." नितीनभाऊनं काय सांगितलं होतं कोणास ठाऊक, पण प्रफुल्लभाऊला हसू आवरत नव्हतं. मग तो एकदम गंभीर झाला. "हे पाहा भाऊ, एक काम कर. नितीनचं हे लास्ट वर्ष आहे. त्याले बॉल देत जा. तो रिंगखाली चुकत नाही."

"बिलकुल भाऊ. मी त्यांची प्रॅक्टिस घेऊन राहिलो. इम्प्रूव्हमेंट आहे."

प्रफुल्लभाऊचा चेहरा स्क्रीनवर तसाच अडकून राहिला. आम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क चांगलं होतं.

* * *

गटातल्या तीन मॅचपैकी पहिली. वेदांतच्या हातात बॉल आला की तो पुन्हा कोणाला दिसायचा नाही. दोघं अंगावर असले तरी तो मारायचा, तिघं असले तर हमखास मारायचा. नितीनभाऊ रिंगखाली एकटा उभा, दोन्ही हात वर, "वेदांत! वेदांत!" ओरडून त्याचा घसा बसला.

टाइमआउट झाला. ढोमणे सरांचं तोंड लाल झालं होतं.

"काहून बे, नितीन तिथं हात वर करून मोकळा उभा आहे. तुले दिसला नाही?"

"दिसला न सर."

"मंग पास काहून नाही देला?"

"मले वाटलं ते मले चिअर करून राहिले!"

मॅच हरलो. बाहेर एक मुलगा मोबाईलवर चॅनलसाठी खेळाडूंचे इंटरव्ह्यू घेत होता. नितीनभाऊ मान खाली घालून निघून गेला, वेदांत थांबला. त्याला विचारलं, हरायचं कारण काय?

"टीम हरली," वेदांत म्हणाला. "मी पर्सनली नाही हरलो."

* * *

दुसरी मॅच आम्ही जिंकलो. त्या दिवशी वेदांतच्या मावशीच्या घरी लग्न होतं.

* * *

आता राहिली तिसरी मॅच. जिंकलो तर सेमीफायनल, हरलो तर घरी. नितीनभाऊनं अडतीवर मालकाच्या हातापाया पडून सुट्टी घेतली होती. निवड करणारे दोघं पहिल्या रांगेत येऊन बसलेले. नितीनभाऊनं त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही, यावरूनच त्याचं किती लक्ष तिकडे आहे ते कळत होतं.

पहिल्या हाफमध्ये वेदांतनं इतके फाउल केले, की ढोमणे सरांनी त्याला बेंचवर बसवून टाकलं. "हलू नको," एवढंच म्हणाले. हाफ संपला, दोन्ही टीमच्या बाजू बदलल्या, तिसरा क्वार्टर गेला, चौथाही संपत आला. वेदांत बेंचवर केस नीट करत बसला होता. नितीनभाऊ तर त्या दिवशी असा खेळला की मी त्याला तसं कधी बघितलं नाही. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटनं पुढे होतो.

आणि माझा पाचवा फाउल झाला. मी बाहेर. बेंचवर उरला होता फक्त वेदांत.

सरांनी देवाचं नाव घेतलं आणि त्याला आत पाठवलं. "काही करू नको. बॉल आला तं नितीनले दे, नाही तं तसाच धरून ठेव. समजलं?"

"सर, ट्रस्ट मी," वेदांत म्हणाला.

समोरच्यांनी शॉट मारला, तो आमच्या रिंगला लागून उडाला. खाली गर्दी. त्या गर्दीतून एकच हात वर गेला, वेदांतचा. खरं सांगतो, उडी सुंदर होती. बॉल त्याच्या हातात आला. नितीनभाऊ ओरडला, "धरून ठेव!" मी ओरडलो, सर ओरडले, कोर्टावरचे आमचे सगळे ओरडले.

वेदांतनं तो हवेतूनच परत रिंगमध्ये टाकला. आमच्याच रिंगमध्ये! पहिल्या हाफमध्ये आम्ही त्याच बाजूला बास्केट मारत होतो. बाजू बदलल्यानंतर तो आत्ता पहिल्यांदाच आत आला होता.

संपूर्ण स्पर्धेतली त्याची सगळ्यात स्वच्छ बास्केट होती ती. जाळीचा नुसता सुळकन आवाज आला.

वेदांत मुठी वळून प्रेक्षकांकडे वळला. समोरची टीम नाचत होती. आपल्या बास्केटवर समोरची टीम का नाचते आहे, हे त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं स्कोअरबोर्ड बघितला, रिंग बघितली आणि नितीनभाऊचं तोंड बघितलं. नितीनभाऊ दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसला होता.

शिटी वाजली. दोन्ही रेफरी स्कोअररच्या टेबलाजवळ गेले. आता इथला नियम असा आहे, की खेळाडूनं चुकून आपल्याच रिंगमध्ये बास्केट केली, तर दोन पॉइंट समोरच्या टीमला मिळतात. पण मुद्दाम केली, तर तो नियमभंग. मग बास्केट धरत नाहीत, फक्त बॉल समोरच्यांना देतात. म्हणजे चुकून असेल तर आम्ही हरलो. मुद्दाम असेल तर अजून एका पॉइंटनं पुढे.

आता शुद्धीवर असलेला कोणता माणूस अशा वेळी आपल्याच रिंगमध्ये मुद्दाम मारेल? समोरच्या कॅप्टननं हात पसरून तेच सांगितलं. नितीनभाऊ उठला, काही तरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खोटं त्याला कधी बोलता आलं नाही.

मोठे रेफरी वेदांतजवळ आले. भला माणूस. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, घाबरू नको. होते असं. चुकून झालं न?"

वेदांतच्या कॉलेजच्या पोरी पहिल्या पायरीवर बसलेल्या. त्या चॅनलवाल्या मुलाचा मोबाईल बरोबर त्याच्या तोंडावर रोखलेला. मला बेंचवरून फक्त वेदांतची मान ताठ झालेली दिसली.

"चुकून?" तो म्हणाला. "माझ्याकडून?"

"मंग?"

"मी ठरवून मारला सर. शॉट पाहिला नाही का तुम्ही? असा शॉट चुकून पडते का कोनाचा?"

"पक्कं? मुद्दाम मारला?"

"हंड्रेड पर्सेंट!"

रेफरींनी दोन्ही हात आडवे हलवले. बास्केट रद्द! समोरचा कॅप्टन केस उपटायचा बाकी राहिला. बॉल त्यांना मिळाला, त्यांनी घाईत लांबून मारला, रिंगच्या कडेला लागून बाहेर पडला आणि हूटर वाजला.

ढोमणे सर टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसले होते. हसत होते की रडत होते, शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या रांगेतले ते दोघं उठले आणि नितीनभाऊला बाजूला बोलावून त्याची जन्मतारीख विचारू लागले.

परत येताना आम्ही एका ऑटोत कोंबून बसलो होतो. वेदांतचा चेहरा उतरलेला. इतकी भारी बास्केट रेफरीनं रद्द केली, नागपुरात कोणाला गेम समजतच नाही, हे त्याचं तुकडोजी चौकापर्यंत चाललं. मग एकदम खुलून तो नितीनभाऊकडे वळला.

"पण खरं सांगा भाऊ. आज माझ्या जागी प्रफुल्लभाऊ असते, तं त्यांच्याच्यानं ही मॅच निघाली असती का?"

नितीनभाऊनं अंग चोरून एक हात मोकळा केला. मग तो वेदांतच्या पाठीवर ठेवला.

"नाही गा," तो म्हणाला. "त्याच्याच्यानं हे झालंच नसतं."