जांभूळढवची बाळं

माया बोलायला लागली की आमच्या अमरावतीच्या ऑफिसात पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. शेतकऱ्याची पोर, हाक मारली तर शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. माझे कान गेले तर जबाबदार तीच.

काम मात्र तिचं अगदी गुपचूप. गरोदर बायांची दवाखान्यातली नोंद, रेशन, अंगणवाडीचा आहार, अशी वेगवेगळ्या सरकारी खात्यांची माहिती ती कॉम्प्युटरवर एकमेकांशी जोडते. नावं आधीच झाकलेली असतात. तिला दिसतो फक्त क्रमांक आणि गाव. त्यावरून कुठे नर्स हवी, कुठे काय हवं, ते वर ठरतं. माया या कामाला सोयरीक जुळवणं म्हणते, आणि जुळली की टाळी वाजवते.

गेल्या हिवाळ्यात तिने जन्मांची सोयरीक जुळवली. प्रत्येक बाळ आईच्या रेशनकार्डाच्या गावी टाकलं. त्यात कौंडण्यपूरच्या वाटेवरचं तिचं स्वतःचं गाव, जांभूळढव, पार तळाला गेलं. बाळंच होत नाहीत म्हटल्यावर तिथल्या उपकेंद्रातली बाळंतपणाची खोली दुसरीकडे हलवायचं ठरलं. मायाला वाईट वाटलं, पण आकड्यापुढे कोण काय बोलणार?

रविवारी ती घरी गेली. तिची धाकटी बहीण चंदा अकोल्याच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि आई, माणिकबाई, डिंकाचे लाडू वळत होत्या.

"दिवस भरत आले पोरीचे," माणिकबाई म्हणाल्या, "अन् आपल्या गावची खोली हलवून राहिले म्हनतेत. येनवक्ताले हिले घेऊन तिवशाच्या दवाखान्यात पळू काय मी? कोन्या आंधळ्यानं हिशेब केला, त्याचं तोंड पाहाचं हाय मले."

"पाहून घे," माया म्हणाली. "थे मीच होय."

माणिकबाईंचा लाडू हातातच राहिला. चंदाला मात्र हसू आवरेना. "म्हंजे कळा मी इथं देऊ, अन् लेकरू तुह्या कॉम्प्युटरात अकोल्याले होईन?"

"अवं, पयलं बाळंतपन माहेरी असते, हे बी तुले सांगा लागते?" माणिकबाई मायावर कडाडल्या. "तू सोता अकोटले झाली, माह्या माहेरी!"

माया बाहेर ओट्यावर आली. समोरच्या घरी दोरीवर लंगोट वाळत होते, पलीकडे कुणाच्या बाळाला तेल लावणं चाललं होतं. गावातली तरुण जोडपी रेशनकार्डासकट शहरात गेलेली; उरल्या जिकडेतिकडे माहेरवाशिणी, आणि त्यांची सगळी बाळं तिने सासरी धाडली होती.

हे सगळं तिने सोमवारी मला आईच्या आवाजात करून दाखवलं आणि तशीच उठून आमच्या उद्धवसाहेबांकडे गेली. "साहेब, चूक माझी. बाळ कुठलं ते पाहिलं, झालं कुठे ते पाहिलंच नाही."

"आता वर काय तोंड दाखवू?" साहेब तडकले, आणि मधेच थांबले. त्यांची दोन्ही मुलं बायकोच्या माहेरी, मूर्तिजापूरला झालेली. माझं तरी काय वेगळं? ऑफिसातले आम्ही सगळे आजोळी जन्मलेले, आणि एकालाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही स्वतःलाच पोटभर हसलो.

मायाने जोडणी पुन्हा केली. बाळ जिथे झालं तिथे एकदा मोजलं. आई-बाळ सासरी परतल्यावर लशीसाठी तिथल्या आशा सेविकेला निरोप जाईल, अशीही गाठ घातली. जांभूळढव तळातून वर आलं आणि साहेबांनी वर जाऊन, चूक कबूल करून, खोली वाचवली. त्याच खोलीत चंदाला मुलगी झाली. बातमी ऐकून माया नाचली आणि मला रडू आलं.

पुढच्या महिन्याची माहिती आली तेव्हा जांभूळढवच्या नावापुढे बरीच बाळं होती, सगळी बिननावाची. माया स्क्रीनला नाक लावून बसली, पण नियम म्हणजे नियम, भाचीसाठीसुद्धा नाव उघडत नाही. दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांचा भलामोठा डबा घेऊन आली.

"एका पोरीचे एवढे?" मी विचारलं.

"आमची कोनती थे दिसत नाही नं," ती पेढा माझ्या तोंडात कोंबत म्हणाली, "म्हनून साऱ्याइचे आनले."